जपानमध्ये २४० झेड, आपल्याकडे आरएक्स १००: कोठ्यात धूळ खात पडलेली जुनी जपानी गाडी पुन्हा रस्त्यावर कशी आणतात?

वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातलं किन्हीराजा. नागपूरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावरचं गाव. रस्त्यावरून दिवसभर ट्रक, ट्रॅव्हल्स, एसटी धावतात, आणि आजूबाजूच्या वावरांत सोयाबीन, तूर. अशा गावात जुन्या जपानी स्पोर्ट्स गाडीचा काय संबंध, असं कुणालाही वाटेल.

पण संबंध आहे. विदर्भातल्या कितीतरी गावांत एखाद्या घराच्या कोठ्यात, ताडपत्रीखाली, युरियाच्या रिकाम्या पोत्यांच्या मागे एक गाडी उभी असते. टाकीवर गंज चढलेला असतो, टायर फाटलेले असतात, सीटचा स्पंज उंदरांनी कुरतडलेला असतो. ती विकायची गोष्ट कुणी काढली की घरातलं मोठं माणूस म्हणतं, "राहू दे, बाबांची गाडी आहे."

ती गाडी बहुतेक वेळा यामाहा आरएक्स १०० असते.

आज ही गाडी शोधून, खोलून, पुन्हा नव्यासारखी करणं हा महाराष्ट्रातल्या अनेक तरुणांचा छंद झाला आहे. इन्स्टाग्रामवर तीस सेकंदांत गंजलेली गाडी चकाचक झालेली दिसते. प्रत्यक्षात त्या कामाला महिने लागतात. आणि चुकीच्या क्रमाने काम केलं तर चकाचक झालेली गाडी कायद्याच्या नजरेत भंगारच राहते. म्हणून हा विषय मुळापासून समजून घेऊ.

जगात हे वेड कुठून आलं?

जुन्या जपानी स्पोर्ट्स कार जपून ठेवण्याचा नाद जगभर आहे. त्यातलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे निसानची डॅटसन २४० झेड. १९६९ साली ही कार बाजारात आली. तोपर्यंत स्पोर्ट्स कार म्हणजे युरोपची महागडी गोष्ट, असा समज होता. २४० झेडने कमी किमतीत तोच वेग आणि तेच देखणं रूप दिलं, आणि अमेरिकेत तिच्यावर उड्या पडल्या.

या गाडीची गंमत पुढे आहे. १९९० च्या दशकाच्या शेवटी निसानने अमेरिकेत जुन्या २४० झेड स्वतः विकत घेतल्या, पूर्ण खोलून दुरुस्त करून घेतल्या आणि आपल्याच डीलरमार्फत पुन्हा विकल्या. म्हणजे कंपनीलाच आपली जुनी गाडी परत बनवावीशी वाटली.

टोयोटाची एई ८६ ही दुसरी. १९८३ ते १९८७ या काळातली साधी, हलकी, मागच्या चाकांवर चालणारी कार. जपानी लोक तिला लाडाने 'हाचिरोकु' म्हणतात, म्हणजे 'आठ-सहा'. 'इनिशियल डी' या मांगा मालिकेने तिला घराघरांत पोहोचवलं आणि नंतर तिचे भाव गगनाला भिडले.

कंपन्यांनीही ही नाडी ओळखली. माझदाने २०१७ मध्ये आपल्या पहिल्या पिढीच्या रोडस्टरसाठी रिस्टोरेशनची योजना जाहीर केली. त्याच वर्षी निसानने जुन्या स्कायलाइन जीटी-आरचे सुटे भाग पुन्हा बनवायला घेतले. टोयोटाने २०२० पासून जुन्या सुप्राचे भाग नव्याने द्यायला सुरुवात केली. गाडी जुनी झाली तरी तिचा मालक आपल्याला सोडून गेलेला नाही, हे या कंपन्यांना कळलं होतं.

मग या कार आपल्याकडे का दिसत नाहीत?

कारण त्या काळात त्या भारतात विकल्याच गेल्या नाहीत. आणि आता आणायच्या म्हटलं तर नियम आडवा येतो. भारताच्या आयात धोरणानुसार वापरलेली गाडी आणायची असेल तर ती साधारणपणे तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. वर सीमाशुल्क जबर. अमेरिकेत याच्या उलट आहे. तिथे गाडी २५ वर्षांची झाली की अनेक सुरक्षा नियमांतून सुटते आणि आणता येते. त्यामुळे जपानमधल्या जुन्या कार जहाजात बसून अमेरिकेला जातात, मुंबईला येत नाहीत.

म्हणून भारतात जपानी गाडीचं वेड वेगळ्या वाटेने वाढलं. शहरांत ते मारुती जिप्सी, जुनी होंडा सिटी व्हीटेक, मित्सुबिशी लान्सर अशा गाड्यांवर बसलं. गावांत मात्र ते दोन चाकांवरच राहिलं.

आरएक्स १०० आली कशी?

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने भारतीय कंपन्यांना जपानी कंपन्यांशी हातमिळवणी करून छोट्या मोटरसायकली बनवायची मुभा दिली. त्याआधी रस्त्यावर राजदूत, येझदी, बुलेट आणि बजाजच्या स्कूटर होत्या. मग एकामागून एक जपानी नावं आली. सुझुकीची १०० सीसी गाडी १९८४ मध्ये, हिरो होंडाची सीडी १०० ही १९८५ मध्ये, कावासाकी बजाजची केबी १०० त्यानंतर.

यामाहाचा भारतातला भागीदार होता एस्कॉर्ट्स. या जोडीने आधी १९८३ मध्ये राजदूत ३५० आणली. यामाहाच्या आरडी ३५० चं हे भारतीय रूप. ३४७ सीसीचं दोन सिलेंडरचं टू-स्ट्रोक इंजिन आणि सहा गिअर. त्या काळच्या भारतीय रस्त्यांसाठी हा वेग जरा जास्तच होता. गाडी महाग, पेट्रोल पिणारी, सांभाळायला अवघड. त्यामुळे ती फार चालली नाही आणि दशक संपता संपता बंद पडली. आज मात्र तिचे चाहते तिला देव्हाऱ्यात ठेवल्यासारखं जपतात.

१९८५ च्या अखेरीस आरएक्स १०० आली आणि तिने सगळं गणित बदललं.

इंजिन फक्त ९८ सीसी. सिलेंडरचा व्यास ५० मिलिमीटर आणि पिस्टनची धावही ५० मिलिमीटर. ताकद मात्र ११ पीएस. एका लिटरच्या इंजिनाच्या हिशेबात मांडलं तर हे प्रमाण ११० पीएसच्या पुढे जातं. गाडीचं वजन शंभर किलोच्या आसपास. म्हणजे बसणाऱ्या दोघांचं वजन गाडीपेक्षा जास्त. कमी वजन आणि जास्त ताकद हे स्पोर्ट्स कारचं जे सूत्र आहे, तेच या गाडीत होतं. म्हणून तिला गरिबाची स्पोर्ट्स कार म्हटलं तर वावगं ठरणार नाही.

ती १९९६ पर्यंत बनली. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर ऑइलही जळतं, त्यामुळे धूर होतो. १९९६ मध्ये प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि आरएक्स १०० थांबली. तिच्या कुळातल्या आरएक्स १३५ सारख्या गाड्या पुढे काही वर्षं चालल्या, पण २००० नंतरच्या दशकात त्यांचाही निरोप झाला.

रिस्टोरेशन आणि मॉडिफिकेशन, फरक काय?

सोशल मीडियावर हे दोन्ही शब्द सरसकट वापरले जातात. पण ही दोन वेगळी कामं आहेत.

रिस्टोरेशन म्हणजे गाडी कारखान्यातून जशी बाहेर पडली होती तशी करणं. तोच रंग, तेच स्टिकर, तोच सायलेन्सर. शक्य असेल तिथे जुनाच भाग दुरुस्त करून वापरायचा, नाही जमलं तर तसाच दुसरा शोधायचा.

मॉडिफिकेशन म्हणजे गाडी आपल्या मनाप्रमाणे बदलणं. पुढे डिस्क ब्रेक, अलॉय व्हील, छोटं हँडल, आरएक्स १३५ चा पाच गिअरचा बॉक्स, पोर्टिंग केलेला ब्लॉक.

या दोघांच्या मधला प्रकार म्हणजे रेस्टोमॉड. बाहेरून गाडी जुनीच दिसते, आतून दिवे, वायरिंग, टायर अशा गोष्टी आजच्या काळातल्या घेतलेल्या असतात.

यातलं आपण काय करणार आहोत, हे पहिला नट खोलायच्या आधी ठरवावं लागतं. कारण रिस्टोरेशन केलेली गाडी कायद्यात बसते, जपून ठेवली तर किंमतही धरते. मॉडिफाय केलेली गाडी दोन्हीकडे अडचणीत येऊ शकते. सगळ्यात महत्त्वाचं, कापलेली फ्रेम आणि घासलेला ब्लॉक परत पहिल्यासारखा होत नाही.

पहिला पाना कागदांवर

बहुतेक जण इथेच चुकतात. गाडी खोलतात, रंगवतात, इंजिन बनवतात आणि शेवटी कागद शोधायला लागतात. क्रम उलटा हवा.

खाजगी दुचाकीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. समजा, किन्हीराजातल्या एका घरात १९९३ ची आरएक्स १०० आहे. तिची पहिली मुदत २००८ मध्ये संपली. त्यानंतर २०१३, २०१८ आणि २०२३ मध्ये नूतनीकरण व्हायला हवं होतं. गाडी २००६ पासून कोठ्यातच असेल तर यातलं एकही झालेलं नसतं.

वाशिमच्या गाड्यांना एक जास्तीची गाठ आहे. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. आज इथला क्रमांक एमएच-३७ ने सुरू होतो. पण आरएक्स १०० तर १९९६ मध्येच बंद झाली. म्हणजे किन्हीराजाच्या माणसाने त्या काळात नवी घेतलेली आरएक्स १०० असेल, तर तिची नोंद अकोल्याची, एमएच-३० ची असणार. त्याहून जुनी असेल तर एमएच मालिका सुरू होण्यापूर्वीचा तीन अक्षरी क्रमांकही निघू शकतो. एवढ्या जुन्या गाडीची माहिती परिवहन विभागाच्या ऑनलाइन नोंदीत दिसली नाही, तर घाबरू नये. मूळ नोंदणी झालेल्या कार्यालयातलं जुनं रजिस्टर पाहून ती नोंद संगणकावर चढवून घ्यावी लागते. यात हेलपाटे होतात, पण हे झाल्याशिवाय पुढचं काही होत नाही.

कागदांची साधी यादी अशी:

• आरसी बुक हरवलं असेल तर पोलिसांकडे नोंद करून फॉर्म २६ वर दुसरी प्रत.
• मालक हयात नसेल तर वारसाच्या नावावर करण्यासाठी फॉर्म ३१, मृत्यू दाखला आणि वारसांची संमती.
• गाडी विकत घेत असाल तर फॉर्म २९ आणि ३०.
• नूतनीकरणासाठी फॉर्म २५. त्यासाठी गाडी चालू स्थितीत कार्यालयात दाखवावी लागते.
• विमा, पीयूसी आणि उच्च सुरक्षा नोंदणी पाटी, म्हणजे एचएसआरपी.

फीचा हिशेबही माहीत असावा. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांपेक्षा जुन्या दुचाकीच्या नूतनीकरणाची फी १,००० रुपये झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांपेक्षा जुन्या दुचाकीसाठी ती २,००० रुपये केली गेली. उशीर झाला असेल तर दुचाकीला दर महिन्याला ३०० रुपये वेगळे, म्हणजे वर्षाला ३,६००. महाराष्ट्रात जुन्या गाड्यांना पर्यावरण करही आहे. गाडी बरीच वर्षं बंद असेल तर एकूण किती भरावे लागतील, हे कार्यालयात विचारूनच पुढचा खर्च करावा.

आणखी एक गोष्ट. चेसिसवर ठोकलेला क्रमांक, इंजिनावरचा क्रमांक आणि आरसीवरचे क्रमांक हे तिन्ही जुळले पाहिजेत. आरएक्स १०० ही चोरांचीही आवडती गाडी होती. भंगारातून स्वस्तात मिळालेली, क्रमांक घासलेली गाडी घेतली तर चोरीचा माल बाळगल्याचा गुन्हा अंगावर येऊ शकतो. 'कागद नंतर बघू' म्हणणाऱ्याकडून गाडी घेऊ नये, मग ती कितीही स्वस्त असो.

इंजिन: टू-स्ट्रोकचं काळीज हवाबंद लागतं

फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा स्फोट होतो. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीत होतो. म्हणून छोट्या इंजिनातून एवढी ताकद निघते. पण यात एक मेख आहे. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आधी पिस्टनच्या खालच्या बाजूला, क्रँककेसमध्ये येतं आणि तिथून वर ढकललं जातं. त्यामुळे क्रँककेस हवाबंद असावीच लागते.

वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीत क्रँकचे ऑइल सील कडक होऊन तडकतात. एका बाजूचं सील गेलं की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रणात पेट्रोल आणि ऑइल कमी पडतं, इंजिन तापतं आणि पिस्टन जॅम होतो. चालत्या गाडीत असं झालं तर मागचं चाक लॉक होऊन माणूस पडू शकतो. दुसऱ्या बाजूचं, क्लचकडचं सील गेलं तर गिअरबॉक्सचं ऑइल आत ओढलं जातं आणि पांढऱ्या धुराचा लोट निघतो. म्हणून जुनी गाडी किक मारून चालू झाली म्हणजे इंजिन ठीक आहे, असं समजू नये. सील बदलल्याशिवाय लांब चालवू नये.

पुढचं काम पिस्टन आणि बोरचं. सिलेंडर झिजला की लेथवर बोर करून मोठा पिस्टन टाकतात. हे पाव-पाव मिलिमीटरने वाढवत जातात, एक मिलिमीटरपर्यंत. म्हणजे ५० चा व्यास ५१ होतो आणि ९८ सीसीचं इंजिन सुमारे १०२ सीसीचं. त्यापुढे बोर करता येत नाही, नवीन स्लीव्ह बसवावी लागते किंवा दुसरा ब्लॉक शोधावा लागतो. जुना ब्लॉक घेताना तो आधी किती वेळा बोर झाला आहे, हे मोजून घ्यायचं ते याचसाठी.

क्रँकचं काम गल्लीतल्या प्रत्येक मेकॅनिकचं नाही. कनेक्टिंग रॉड बदलताना क्रँक प्रेसवर उघडून परत जोडावा लागतो आणि डायल गेज लावून सरळ करावा लागतो. तो किंचित वाकडा राहिला तरी गाडी थरथरते आणि बेअरिंग लवकर जातं. हे काम ज्याच्याकडे ती साधनं आहेत अशा लेथवाल्याकडेच द्यावं, मग त्यासाठी अकोल्याला जावं लागलं तरी.

मग येतो ऑइल पंप. यामाहाने १९६४ मध्ये 'ऑटोल्यूब' नावाची पद्धत आणली. टाकीत ऑइल मिसळण्याऐवजी वेगळ्या डब्यातून पंप लागेल तेवढं ऑइल इंजिनाला देतो. आपल्याकडे अनेक मेकॅनिक हा पंप काढून टाकतात आणि मालकाला 'पेट्रोलमध्ये ऑइल टाकत जा' म्हणून सांगतात. गाडी दुसऱ्याच्या हातात गेली की ही सूचना हरवते. नवा मालक साधं पेट्रोल भरतो आणि इंजिन बसतं. जुनी गाडी घेताना पंप आहे की नाही आणि चालू आहे की नाही, हा पहिला प्रश्न विचारावा.

टाकी, पेट्रोल आणि ब्रेक

टाकी बाहेरून चमकते, आतून गंजते. तो गंज पेट्रोलबरोबर कार्बोरेटरमध्ये येतो आणि जेट बंद होतात. टाकी आतून साफ केल्याशिवाय कार्बोरेटर कितीही वेळा धुतला तरी उपयोग नाही.

इथे जिवाची काळजी घ्यायची गोष्ट. टाकीला भोक पडलं म्हणून थेट वेल्डिंगला नेऊ नये. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतही पेट्रोलची वाफ असते आणि भरलेल्या टाकीपेक्षा ती जास्त धोकादायक असते. ठिणगी पडली की टाकी फुटते. टाकी धुऊन वाफ पूर्ण काढणाऱ्या जाणत्या माणसाकडेच ते काम द्यावं.

आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आरएक्स १०० बनली तेव्हा हा विचारच नव्हता. इथेनॉल पाणी ओढून घेतं, त्यामुळे महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी लवकर गंजते. जुन्या रबरालाही ते मानवत नाही. म्हणून पेट्रोलची नळी, कॉकचे वॉशर, कार्बोरेटरची रबरं नव्या प्रकारची टाकावीत आणि गाडी बराच काळ उभी ठेवायची असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवावा.

ब्रेकही विसरू नयेत. आरएक्सला पुढे-मागे ड्रम ब्रेक होते आणि वेगाच्या मानाने ते कमीच पडायचे. जुन्या ब्रेक लायनरच्या धुळीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ती हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. आणि इंजिन चालू करून बघायचं असेल तर गाडी कोठ्याबाहेर काढावी. बंद जागेत साचलेला धूर जीवघेणा असतो.

सायलेन्सर कापला की गाडी पळते?

हा विदर्भातच काय, सगळ्या महाराष्ट्रातला आवडता गैरसमज आहे.

टू-स्ट्रोकचा सायलेन्सर फक्त आवाज कमी करत नाही. स्फोटानंतर बाहेर पडणाऱ्या वायूबरोबर दाबाची एक लाट निघते. सायलेन्सर आधी रुंद होत जातो, मग अरुंद. रुंद भागामुळे जळका वायू ओढला जातो, अरुंद भागावर आपटून लाट परत फिरते आणि बाहेर निसटू पाहणारं ताजं मिश्रण सिलेंडरमध्ये परत ढकलते. ही सगळी वेळ लांबीवर ठरते. आतली जाळी काढली, पाइप कापला, की ही वेळ चुकते. आवाज वाढतो म्हणून गाडी पळतेय असं वाटतं. प्रत्यक्षात बऱ्याचदा ताकद कमी होते आणि पेट्रोल जास्त जातं.

पोर्टिंगचंही तसंच. एक्झॉस्ट पोर्ट घासून वर नेला की वरच्या आरपीएमला ताकद वाढते, पण खालची ओढ जाते. रेसच्या ट्रॅकवर हे चालतं. मागे माणूस आणि पुढे पिशवी घेऊन चढावर जायचं असेल तर तीच गाडी दम टाकते.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हे स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. सायलेन्सरच्या आवाजासाठी वेगळं कलम आहे. त्यात १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि परवानाही तीन महिने निलंबित होऊ शकतो. जप्त केलेल्या सायलेन्सरवर पोलीस रोडरोलर फिरवतात, ते व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेले आहेत.

मग काय चालतं? त्याच मापाचा नवा टायर, नवं सीट कव्हर, दुरुस्त केलेलं इंजिन, मूळ रंग यांना अडचण नाही. रंग बदलला तर आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. दुसरं इंजिन बसवायचं असेल तर परिवहन कार्यालयाची आधी परवानगी हवी. आरएक्स १०० मध्ये १३५ चं इंजिन बसवलेल्या कित्येक गाड्या इथेच अडकतात, कारण इंजिन क्रमांक आरसीशी जुळत नाही.

दिल्लीत जुन्या गाड्यांवर आलेल्या बंदीच्या बातम्या वाचून इकडेही घबराट होते. ती बंदी राजधानी परिसरापुरती होती. महाराष्ट्रात गाडी तपासणीत पास झाली, कागद पूर्ण असले आणि कर भरलेला असला की जुनी गाडी रस्त्यावर चालवता येते. फक्त समृद्धी महामार्गावर नाही, कारण तिथे दुचाकींना प्रवेशच नाही. किन्हीराजाच्या आरएक्सने जुना रस्ताच धरायचा.

ही गाडी 'विंटेज' आहे का?

जुन्या वाहनांच्या फिवा या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या व्याख्येत ३० वर्षांहून जुनं, मूळ स्थितीत जपलेलं आणि रोजच्या वापरात नसलेलं वाहन ऐतिहासिक मानलं जातं. त्या मापाने आरएक्स १०० ऐतिहासिक झालीच.

भारताचा नियम मात्र ५० वर्षांचा आहे. २०२१ मध्ये केंद्राने विंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली. त्यात क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आहे आणि ती दहा वर्षं चालते. अशी गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही, फक्त प्रदर्शन, रॅली अशा कारणांसाठी. १९८५ ची आरएक्स १०० या यादीत २०३५ मध्ये बसेल आणि १९९६ ची २०४६ मध्ये. तोवर तिला साध्या नोंदणीवरच जगवायचं आहे. म्हणून नूतनीकरण चुकवणं परवडत नाही.

खर्च आणि वेळ

नेमका आकडा गाडीच्या स्थितीवर ठरतो, पण खर्चाचा क्रम ठरलेला आहे. सगळ्यात जास्त पैसे इंजिन, मूळ सुटे भाग आणि क्रोम-पेंटला लागतात. कंपनीचा अस्सल भाग आज दुर्मिळ आहे. पुण्याची नाना पेठ, दिल्लीचं करोल बाग अशा बाजारांत शोधाशोध होते. तिथे अस्सलच्या नावाखाली नकली मालही मिळतो, त्यामुळे जुना भाग सोबत नेऊन मापाला माप लावून घ्यावं.

पैसे वाचवायचे असतील तर तीन गोष्टी कराव्यात. गाडी खोलताना प्रत्येक टप्प्याचा फोटो काढावा. प्रत्येक भागाचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत नाव लिहून ठेवावेत. आणि जुना भाग नवा हातात आल्याशिवाय भंगारात देऊ नये. अर्धी खोललेली आणि पोत्यात भरलेली गाडी परत जोडणं हे गंजलेल्या अख्ख्या गाडीपेक्षा अवघड असतं. कित्येक गाड्या गंजाने मरत नाहीत, अर्धवट सोडलेल्या कामाने मरतात.

चांगल्या स्थितीतल्या, कागद पूर्ण असलेल्या आरएक्स १०० चा भाव आज लाखाच्या पुढे सांगितला जातो. तो ऐकून काहीजण धंदा म्हणून यात उतरतात. पण स्वतःच्या घरची गाडी उभी करणाऱ्याचा हिशेब वेगळा असतो. घातलेले पैसे परत येतीलच असं नाही.

माझदा किंवा निसान आपल्या जुन्या कारचे भाग पुन्हा बनवतात, तसं इथे आरएक्ससाठी कुणी करत नाही. इथे ती गाडी लेथवाला, पेंटर, तालुक्याचा जुना मेकॅनिक आणि घरातलं एखादं पोरगं मिळून जिवंत ठेवतात. ज्यांनी या गाड्या नव्या असताना खोलल्या, त्या मिस्त्रींची पिढी आता थकत चालली आहे. कोठ्यातली गाडी बाहेर काढायची असेल तर त्यांचे हात चालू आहेत तोवरच काढलेली बरी. सुरुवात मात्र पान्याने नको, पेटीतलं आरसी बुक शोधण्यापासून करावी.